पडद्यावर झेंडा आला तेव्हा

कडूबाईनं हो म्हटलं, तेव्हा दीपमालाला आधी ते खरंच वाटेना. कितीतरी दिवस ती आईच्या मागं लागली होती आणि आईचं आपलं एकच पालुपद. मी काय भाषण ठोकणारी बाई हाय का, दवाखान्यातली आया मी, माईक बघितला की माझी दातखीळ बसती. आणि आज मेथी निवडता निवडता, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली की बोलीन मी तुझ्या कार्यक्रमात. लेक एवढी खूश झाली की तिनं कारणसुद्धा विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. घटकाभर आधी तिनंच तर बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं, की तिच्या कामावरची मैत्रीण सायली आपल्या आजीलाही घेऊन येणार आहे.

दीपमाला शहरातल्या एका छोट्या संग्रहालयात कामाला होती. ट्रस्टचं संग्रहालय, जुनी नाणी, गंजक्या तलवारी, हिमरू कापडाचे तुकडे, आणि मागच्या बाजूला एक हॉल. येणारेजाणारे बेताचेच. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले पाहुणे तिकडं कशाला वळतील! पण इतिहासात एम. ए. झालेली ही पोर तिथं जीव ओतून काम करायची. यंदा तिनं डोक्यात घेतलं होतं, की सत्तावीस जानेवारी पाळायची. हिटलरच्या राज्यात लाखो ज्यू माणसं, बायापोरांसकट, धरून नेऊन मारली, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. जगभर पाळतात, आपल्याकडं कुणाच्या गावीही नसतो. त्या दिवशी महायुद्धाच्या काळातला एक जुना, नावाजलेला, काळापांढरा परदेशी सिनेमा दाखवायचा, एका शाळेची पोरं बोलवायची, आणि सिनेमा झाल्यावर इथल्याच कुणीतरी दोन शब्द बोलायचे, असं तिनं ठरवलं होतं. इथलं म्हणजे कोण, तर तिची आई.

कारण कडूबाईचंही घर जाळलं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, त्या साली मराठवाड्यात कितीतरी गावांत बौद्ध वस्त्या पेटवल्या गेल्या. बिडकीनच्या पुढं, आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात कडूबाईची वस्ती होती. गावाचं नाव राहू द्या. ती तेव्हा बारा वर्षांची होती. दिवेलागणीच्या वेळी घरं पेटली. माणसं बाहेर पडली, शेरडंसुद्धा बाहेर पडली, पण अर्धांगवायूनं बाजेवर पडून असलेला तिचा आजा सांडू आतच राहिला. पुढं मायलेकी शहरात आल्या, मुकुंदवाडीत एका खोलीत राहिल्या. कडूबाई वाढली, आया म्हणून लागली, तिचं लग्न झालं, लेक झाली, नवरा वारला, ती रिटायर झाली. एवढं सगळं दीपमालाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळचं बाकीचं मात्र आईनं तिच्यापाशीही कधी उघडं केलं नव्हतं.

बाकीचं म्हणजे सरूवहिनीचं. गावात पाटलाच्या घरी नवी सून आली होती, सरूबाई. विशीतली पोरच म्हणा. माहेर लांब, सासू खाष्ट, बोलायला कुणी नाही. कडूबाईची माय त्यांच्या रानात खुरपायला जायची आणि ही मागं मागं. सरूवहिनी तिला गोठ्यामागं बोलावून घ्यायची, खाली बसवायची आणि तिची वेणी घालायची. गुपचूप हां! शिवाशीव पाळणारं घर ते, सासूनं बघितलं असतं तर दोघींचीही धडगत नव्हती. वेणी घालता घालता वहिनी माहेरच्या गोष्टी सांगायची, आणि पोरगी डोकं न हलवता ऐकायची. आपल्याला जीव लावणारी माणसं मोजून तीन, असं तिला तेव्हा वाटायचं. माय, आजा आणि ही वहिनी.

तर त्या संध्याकाळी, आजा आत राहिलाय म्हटल्यावर, बारा वर्षांची पोर कुणाकडं धावली असेल? चावडीपुढं गाव लोटलं होतं. जाळणारे थोडे होते, बघणारे पुष्कळ. पाटलाच्या घरच्या बायांमध्ये वहिनी उभी होती. कडूनं जाऊन तिचा पदर धरला आणि म्हणाली, वहिनी, आजा आत हाय, कुणाला तरी सांगा. सरूबाईनं पदर सोडवून घेतला. पोरीच्या डोक्यावरून पलीकडं, आगीकडं बघत राहिली, ओळखदेख काही नसल्यासारखी. तिनं शिवी दिली नाही, मारलं नाही, काडी लावायला तर ती गेलीच नव्हती. पण रॉकेल ओतणाऱ्यांची तोंडं कडूबाईच्या डोळ्यांपुढून कधीच पुसली गेली आणि हे तोंड राहिलं.

आता नशिबाची गंमत बघा. तिकडच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, पाटलाचं घर चिकलठाण्याला फ्लॅटमध्ये राहायला आलं, आणि सरूबाईची नात सायली नेमकी दीपमालाच्याच संग्रहालयात नोकरीला लागली. दोघींचं गूळपीठ जमलं. गाव एकच निघालं म्हणून तर पोरींना कोण आनंद! सायली सुट्टीच्या दिवशी मुकुंदवाडीला यायची, मावशी मावशी करत स्वयंपाकघरात शिरायची, भाकरीचा पहिला पापुद्रा मलाच म्हणून भांडायची. पोरगी गुणाची होती आणि आपल्या आजीनं त्या संध्याकाळी काय केलं याचा तिला पत्ता नव्हता. निघताना मात्र दरवेळी एक निरोप सांगायची. आजीला तुम्हाला एकदा भेटायचंय म्हणे, गावाकडच्या ओळखीच्या ना तुम्ही. कडूबाई कधी अंगात कणकण आहे म्हणायची, कधी पाहुणे येणार आहेत म्हणायची. भेटायचंय कशाला, तर रडून मोकळं व्हायला, असं तिला वाटायचं. तिचं ती मोकळी होईल, माझ्या आजाचं काय?

म्हणून तिनं हो म्हटलं होतं. बंद दाराआड भेट नाही द्यायची, माईकवर द्यायची. भरल्या हॉलमध्ये, तिच्या नातीच्या देखत, सरूबाईचं नाव घ्यायचं आणि तिनं काय केलं ते सांगायचं. मग जाऊ दे तिला मान खाली घालून घरी. सायलीचा चेहरा मध्येच डोळ्यांसमोर यायचा, दीपमालाची मैत्री तुटेल हेही कडूबाईला कळत होतं. पण ठरलं ते ठरलं. संग्रहालयाचे मुख्य अभय सर म्हणजे भला माणूस, पण पापभीरू. त्यांनी दीपमालाला बजावलं होतं, की आईंना बोलू दे, मात्र गावाचं नाव नको, कुणा माणसाचं नाव नको, उगाच जुनी खपली निघायची. दीपमालानं ते आईला सांगितलं. आईनं मान डोलावली. खपली कुणाच्या अंगावर आहे आणि भीती कुणाला वाटतेय, हे काही ती बोलली नाही.

सत्तावीसला दुपारी हॉल भरला. आदल्या दिवशीच सव्वीस जानेवारी झालेली, पोरांच्या खिशांवर कागदी झेंडे अजून टाचलेले होते. पीटीचे गोकुळ सर रांगा लावून पोरांना बसवत होते. मागच्या बाजूला शहरातले वाचणारे-लिहिणारे लोक, काही पेन्शनर, काही कॉलेजची मुलं. कडूबाई पांढरी साडी नेसून पुढून तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. तेवढ्यात सायली एका म्हातारीला सावकाश घेऊन आली आणि दोन रांगा मागं बसवलं. केस पांढरे, अंग वाळलेलं. कडूबाईनं तरीही लगेच ओळखलं. सरूबाईनं लांबूनच हात जोडले. कडूबाई तिच्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीकडं बघत राहिली. ओळखदेख काही नाही. हे करायला मिळावं म्हणून तिनं किती वर्षं वाट बघितली होती, आणि केल्यावर वाटलं तेवढं बरं काही वाटलं नाही.

सुरुवातीलाच स्पीकर रुसले. अभय सरांना आधी राष्ट्रगीत लावायचं होतं, पण आवाजच येईना. लोक चुळबुळायला लागले. शेवटी सर म्हणाले की सिनेमा सुरू करा, राष्ट्रगीताचं आपण नंतर बघू. आवाज आला तो सिनेमाबरोबरच आला. पडद्यावरची माणसं त्यांच्या भाषेत बोलत होती, आणि दीपमाला बाजूला माईकवर बसून एकेक वाक्य मराठीत वाचून दाखवत होती.

गोष्ट अशी होती, की युरोपातल्या एका छोट्या गावात एक शिंपी असतो. ज्यू. अख्ख्या गावाचे कपडे त्याच्याच हातचे. नवं राज्य येतं आणि हळूहळू गाव बदलायला लागतं. आधी लोक त्याच्याकडं कपडे टाकायचे बंद होतात, मग नमस्कार बंद होतो, मग एका रात्री नव्या राज्याचे शिपाई गाणं म्हणत येतात आणि त्याचं दुकान फोडतात. शेजारची बाई, जिच्या लेकीच्या लग्नाचा झगा त्यानं शिवलेला असतो, ती त्याला बघून रस्ता ओलांडून पलीकडं जाते. पोरं आधी टिवल्याबावल्या करत होती, ती गप झाली. कडूबाईला तर कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. ती बाई रस्ता ओलांडून गेली तेव्हा तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. सातासमुद्रापलीकडचं गाव ते, पण ही चाल तिच्या ओळखीची होती.

मग तो उघड्यावरच्या नाटकगृहाचा प्रसंग आला. गावातले सगळे लोक जमलेत, शिंपीही कोपऱ्यात येऊन बसलाय. पुढं बँडवाले उभे. त्या प्रसंगात कुणी बोलत नव्हतं, म्हणून दीपमालाही गप्प होती. ढोल वाजला, मग धीरगंभीर असं काहीतरी बँडवर सुरू झालं, आणि अख्खा पडदाभर एक झेंडा वर चढायला लागला. घड्या पडलेला, वाऱ्यावर अर्धामुर्धा उलगडलेला, काळापांढरा झेंडा. त्यावर काय आहे ते अजून दिसत नव्हतं. पडद्यावरची माणसं ताठ उभी राहिली.

आणि इकडं गोकुळ सर उभे राहिले. तसं बघायला गेलं तर त्यांचं काही फार चुकलं नाही. राष्ट्रगीत कुणाचं का असेना, झेंडा चढताना माणसानं बसून राहू नये, हे ते जन्मभर पोरांना शिकवत आले होते. क्रिकेटच्या मॅचला आपण दुसऱ्यांच्या राष्ट्रगीताला उभे राहतोच की. सर सावधानमध्ये उभे राहिले म्हटल्यावर पोरांची पहिली रांग उठली, मग दुसरी. पोरं उठली म्हटल्यावर पेन्शनर उठले. लोखंडी खुर्च्या एकदम खडाखडा वाजल्या. अभय सर उठले. राष्ट्रगीत राहिल्याची त्यांना मघापासून चुटपुट होती, त्यामुळं ते जरा जास्तच ताठ उभे होते.

कडूबाईही उभी राहिली. दवाखान्यात सगळी नोकरी डॉक्टरांचा राउंड आला की हातातलं टाकून उभं राहण्यात गेली होती, पायांना काही विचारायला लागायचं नाही. शेजारचा उठला आणि ती उठली. हात शरीराला चिकटवून, मान वर करून, ती त्या झेंड्याकडं बघत राहिली.

मागं कुजबुज सुरू झाली. आजी, उठा. अहो आजी, सगळे उभेत. कडूबाईनं मान वळवली. एवढ्या हॉलमध्ये एकच माणूस बसलेलं होतं, आणि ती सरूबाई होती. दोन्ही हात मांडीवर, नजर पडद्यावर. कॉलेजातलं एक पोरगं तिच्या खांद्याला हात लावून उठवू बघत होतं. गोकुळ सर वळून डोळे वटारत होते. अभय सर लगबगीनं आले आणि वाकून काहीतरी बोलले. सायली शरमेनं लालबुंद झाली होती. तिनं सरांना हळूच सांगितलं, की आजीचे गुडघे दुखतात, तिला उठवत नाही.

"गुडघे धड हायेत माझे," सरूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कुणाचं गाणं चाललंय ते तरी बघा. शिंप्याचं दुकान फोडणाऱ्यांचं हाय ते. एकदा सगळ्यांसंगं उभी राहिलेय मी. आता नाय."

तेवढ्यात वारा सुटला आणि पडद्यावरचा झेंडा पुरता उलगडला. ते वाकडं चिन्ह अख्ख्या पडद्यावर दिसलं. पुढच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, सर, हा तर हिटलरचा झेंडा. नाटकगृहातल्या त्या गर्दीत शिंपी तेवढा खाली बसून होता. दोन शिपाई आले, त्याच्या बखोटीला धरून त्यांनी त्याला खेचत बाहेर नेलं. आजूबाजूची माणसं ताठ उभी होती आणि समोर बघत होती. हॉलमध्येही सगळे ताठ उभे होते आणि समोर बघत होते. मग कुणीतरी खाली बसलं. कुणी खोकलं, कुणी मोबाइल काढून बघायला लागलं. गोकुळ सरांनी पोरांना हातानंच बसा म्हणून खूण केली आणि स्वतः मात्र कितीतरी वेळ बसले नाहीत. त्यांना बसायचंही सुचत नव्हतं.

कडूबाई मटकन खाली बसली. तिला आधी आला तो संताप. हिनं बसून राहावं? हिनं? ज्या दिवशी ओरडायचं, धावायचं, त्या दिवशी ही खांबासारखी उभी राहिली, आणि आज एवढ्या लोकांत शहाणी ठरली हीच! आणि मी, जिचा आजा जळाला, ती मी त्या लोकांच्या झेंड्यापुढं सावधानमध्ये उभी. तिला आपल्या पायांची किळस आली. तिनं स्वतःला समजावून बघितलं, की माझ्या उभं राहण्यानं कुणी मेलं नाही, मी कुणाचा पदर सोडवून घेतला नाही. ते खरंच होतं. पण ती उठली होती, आणि का उठली ते तिला सांगता येत नव्हतं, हेही तेवढंच खरं होतं. पुढचा सिनेमा तिनं बघितला तो असा तसाच. शिंप्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. दीपमालाचा माईकवरचा आवाज मधूनमधून फाटत होता. त्या प्रसंगाला आपण एक वाक्य बोललो असतो तर हे झालं नसतं, असं तिला वाटत असणार.

दिवे लागले तेव्हा कुणी कुणाकडं बघत नव्हतं. अभय सर माईकपाशी गेले. वेळ बराच झालाय, आईही दमल्या असतील, तेव्हा आपण आभार मानून कार्यक्रम इथंच, असं काहीतरी ते सुरू करत होते. कडूबाई उठली आणि सरळ पुढं चालत गेली. सरांनी माईक सोडला. दातखीळ बसेल असं जिला वाटत होतं, तिनं दोन्ही हातांनी माईकचा दांडा धरला आणि बोलायला सुरुवात केली.

तिनं त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. ठराव झाल्यावर गावात बोलणं कसं बदललं ते, आदल्या दिवशी दुकानदारानं मीठ द्यायचं कसं नाकारलं ते. शेरडं सोडायला पळालेल्या मायला वाटलं आजाला कुणीतरी काढलं असेल, आणि ज्याला त्याला तसंच वाटलं, ते. चावडीपुढच्या गर्दीपर्यंत ती आली. एका वहिनीचा पदर धरला, म्हणाली, आणि थांबली. अभय सर घसा खाकरत होते. तिसऱ्या रांगेच्या मागं सरूबाई बसली होती आणि थेट कडूबाईच्या डोळ्यांत बघत होती. नाव तोंडाशी आलं होतं. एवढी वर्षं जपलेलं, धार लावून ठेवलेलं नाव.

"मला सांगितलंय, कुणाचं नाव घेऊ नका," कडूबाई म्हणाली. "पर नाव घेतलं नाय तर मी आले कशाला? ती वहिनी हितंच बसलीय. सरूबाई. माझी वेणी घालायची ती. त्या दिवशी ती सगळ्यांसंगं उभी होती आन् तिनं माझ्या हातातला पदर सोडवून घेतला. आज तुम्ही सगळे उभे राहिलात, मी बी राहिले, आन् ती एकटी बसून राहिली. दोन्ही खरं हाय. आजच्यानं त्या दिवशीचं पुसलं जात नाय. आन् त्या दिवशीचं हाय म्हणून आजचं मी लपवणार नाय."

सायली आजीकडं बघत होती, जणू ही बाई तिनं आज पहिल्यांदाच बघितली. सरूबाईनं मान हलवली. व्हय, असंच झालं, एवढंच त्यात होतं.

"मला वाटायचं, तसली माणसं येगळ्या मातीची असत्यात," कडूबाई पुढं म्हणाली. "काडी लावणारे असतील बी. त्यांना माझ्याकडं माफी नाय. पर मघाशी मी का उठले, ते मला अजून कळंना. शेजारचा उठला म्हणून उठले. एवढंच असतंय व्हय ते?"

मग तिनं आजाचं सांगितलं. नाव सांडू. गुरं वळायचा, आडनावानं कुणी हाक मारली नाही कधी. तंबाखू खायचा, तिला खांद्यावर घेऊन बाजाराला न्यायचा, अर्धं अंग गेल्यावरही डाव्या हातानं तिच्यासाठी शेंगा सोलून ठेवायचा. बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडतच बोलत राहिली, माईकपुढून हलली नाही.

"त्याच्यासाठी आजवर कुणी उभं राहिलेलं नाय," ती म्हणाली. "ना पंचनाम्याला, ना साक्षीला. तुम्ही राहा, असं बी मी म्हणत नाय. मघाशी राहिलात तसं तर नकोच. ज्याचं त्यानं ठरवा."

पोरांनी गोकुळ सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. अभय सरांचा हात सवयीनं वर आला, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या म्हणायला, आणि तसाच खाली गेला. ह्या वेळी सांगायला कुणी नव्हतं. कडूबाई वाट बघत नव्हती, ती आपली पदरानं डोळे पुसत होती.

मग सरूबाई उठली. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश, एकटी. ती उभी राहिली आणि बाकीचा हॉल बसलेला होता. सगळे तिच्याकडंच बघत होते, आणि नाव आत्ताच घेतलेलं असल्यामुळं ती कोण आहे हे एकूणएकाला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली नाही. बराच वेळ ती तशीच एकटी उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज काही माईकपर्यंत आला नाही.

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली, सरांकडं न बघता. मग दीपमाला उठली. कडेला एक पेन्शनर उठले. गोकुळ सर उठले, सावधानमध्ये नाही, नुसतेच. मघासारख्या खुर्च्या खडाखडा वाजल्या नाहीत, एक वाजली, मग जरा वेळानं दुसरी. काही माणसं शेवटपर्यंत बसून राहिली आणि त्यांना कुणी उठा म्हटलं नाही. सगळ्यांत शेवटी सायली उठली. तिनं आजीचा हात धरला नाही, पण तिच्या शेजारी उभी राहिली.